नागिणीवरचे औषध : घाईही हवी, हिशेबही हवा

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूस आधी दोन-तीन दिवस जळजळ होते. कोणास वाटते, वजन उचलताना स्नायू आखडला. कोणास वाटते, पित्त झाले. उतारवयातील माणसास हृदयविकाराची शंका येऊन तो कार्डिओग्रामही काढून येतो. मग त्याच जागी लाल पट्टा उमटतो, त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके येतात आणि घरातील वडीलधारी व्यक्ती निदान सांगते : नागीण. हे निदान बहुधा बरोबर असते. त्यापुढे जे सांगितले जाते, ते मात्र बरोबर नसते. नागिणीचे तोंड आणि शेपूट अंगाभोवती फिरून एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्या धास्तीने मंत्र घालणाऱ्याचा, लेप देणाऱ्याचा शोध सुरू होतो. वास्तविक मणक्यातून निघणाऱ्या नसा उजवीकडे आणि डावीकडे स्वतंत्र जातात. रोग एका बाजूच्या एका नसेत असतो, म्हणून पट्टा पाठीच्या आणि पोटाच्या मध्यरेषेवर येऊन थांबतो. विळखा पूर्ण होत नाही तो मंत्राच्या प्रभावाने नव्हे, शरीराच्या रचनेमुळे. रोगप्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर फोड अंगभर पसरू शकतात; तो प्रसंग गंभीर असतो आणि त्याची जागा रुग्णालयात असते.

या रोगाचे मूळ बालपणीच्या कांजिण्यांत असते. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. मणक्यालगतच्या नसांच्या गाठींत तो निपचित पडून राहतो. बँकेत वर्षानुवर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय म्हणून नोंदले जाते, पण बंद झालेले नसते. तशीच त्याची अवस्था. वय वाढले, मधुमेह जडला, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड सुरू झाले, की एखाद्या दिवशी ते खाते पुन्हा चालू होते. ओठाच्या कडेला तापानंतर उठणारे फोड आणि जननेंद्रियावरील फोड हे याच हर्पिस कुळातील, पण वेगळ्या विषाणूंचे काम होय. औषधे मात्र या साऱ्यांवर बहुतांशी तीच चालतात, आणि घोटाळ्यांना सुरुवात येथूनच होते.

नागिणीच्या उपचारातील पहिला नियम मुदतीचा आहे. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो. नवे फोड येणे लवकर थांबते, असलेले लवकर सुकतात, वेदनेचा जोर कमी होतो. व्यापारी घरात हे तीन दिवस कसे निघून जातात हे सांगावयास नको. पहिला दिवस बाम चोळण्यात जातो, दुसरा कोणीतरी सुचविलेल्या लेपात, तिसऱ्या दिवशी नेमका रविवार असतो किंवा दुकानात मालाची गाडी आलेली असते. हुंडीची मुदत एक दिवसही चुकू न देणारी माणसे ही मुदत सहज चुकवतात. अर्थात चौथा दिवस उजाडला म्हणून दवाखान्यात जाऊ नये असे नाही. नवे फोड येतच असतील, रोग चेहऱ्यावर वा डोळ्याजवळ असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर उशिरानेही डॉक्टर ही औषधे देतात.

औषध कोणते, तर असायक्लोव्हिर आणि त्याची भावंडे. असायक्लोव्हिर १९७०च्या दशकात अमेरिकेतील बरोज वेलकम कंपनीत तयार झाले, आणि ते पेशीत नेमके कसे काम करते हे उलगडण्यात गर्ट्रूड एलियन यांच्या पथकाचा मोठा वाटा होता. न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली जन्मलेल्या या विदुषीस पीएचडी कधीच पूर्ण करता आली नाही. पंधराव्या वर्षी आजोबांना कर्करोगाने गेलेले पाहिले आणि त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. १९८८ साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांसमवेत वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. असायक्लोव्हिरची खुबी अशी की पोटात गेलेली गोळी तशी निष्क्रियच असते. विषाणूने व्यापलेल्या पेशीत विषाणूचेच एक एन्झाइम तिला कार्यरत करते, आणि मग ती विषाणूची नवी प्रत तयार होण्याची साखळी मध्येच तोडते. निरोगी पेशीत ते एन्झाइम नसल्याने तेथे तिचा उपद्रव फार थोडा. म्हणूनच विषाणूवरील औषधांत हे बऱ्यापैकी निर्धोक गणले जाते, आणि ते तसे आहेही. परंतु विषाणू वाढत असतानाच ते त्याला अडवू शकते, झोपलेल्या विषाणूस ते हात लावू शकत नाही. गोळ्यांनी रोग मुळापासून गेला, असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

निर्धोक या शब्दाला मात्र एक अट जोडलेली आहे, आणि ती अट मूत्रपिंडांची आहे. असायक्लोव्हिर शरीरातून बाहेर पडते ते मुख्यतः लघवीवाटे, जवळजवळ जसेच्या तसे. मूत्रपिंडे धड असतील तर रक्तातील औषध सुमारे तीन तासांत निम्म्यावर येते. ती बंद पडलेली असतील तर त्यालाच एकोणीस-वीस तास लागतात. म्हणजे पहिली गोळी पुरती निघून जाण्याआधी दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी शिल्लक चढत जाते. लघवीत औषधाचे प्रमाण फार वाढले आणि पाणी कमी पडले तर त्याचे सूक्ष्म स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकून तेथील काम आणखी मंदावते. सलाईनमधून मोठी मात्रा देताना हा धोका अधिक असतो, परंतु वृद्ध आणि पाणी कमी पिणाऱ्या रुग्णांत गोळ्यांनीही तो उद्भवतो.

आता मात्रेकडे पाहावे. मूत्रपिंडे उत्तम असलेल्या प्रौढास नागिणीसाठी असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस दिले जाते. म्हणजे दिवसाकाठी चार ग्रॅम. तोंडावाटे घेतलेल्या असायक्लोव्हिरचा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भाग रक्तात उतरतो, म्हणून एवढी मोठी मात्रा आणि एवढ्या वेळा. पुढे आलेले व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनते, पण त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तात पोहोचतो. त्यामुळे १ ग्रॅमची मात्रा दिवसातून तीन वेळा, सात दिवस पुरते. फॅमसायक्लोव्हिर हे तिसरे भावंडही सहसा तीन वेळाच घ्यावे लागते. हे आकडे येथे दिले ते घरी गोळ्या मोजून घेण्यासाठी खचितच नव्हे. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते रुग्णाच्या घरच्यांना कळावे आणि शंका विचारता यावी, एवढ्यासाठीच ते दिले आहेत.

शंका विचारण्याची खरी जागा वयोवृद्धांच्या बाबतीत येते. समजा, एका घरात शहात्तर वर्षांच्या आजी आहेत, वजन ४८ किलो. त्यांचे रक्त तपासले तर क्रिएटिनिन १.१ आले. पंचेचाळीस वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या नातवाचेही तेवढेच, १.१. दोन्ही अहवाल पाहून घरचे म्हणतात, दोघांच्याही किडन्या चांगल्या. परंतु क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होते. ज्याचे स्नायू थोडे, त्याच्या रक्तात ते मुळातच कमी जमा होते, आणि आकडा नेहमीसारखा दिसत असूनही गाळण्याची शक्ती बरीच उतरलेली असू शकते. ती अजमावण्यासाठी १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र आजही वापरात आहे आणि ते हिशेबाची सवय असलेल्या कोणासही मांडता येईल. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्यास वजनाने गुणावे, आणि क्रिएटिनिन गुणिले ७२ या संख्येने भागावे. स्त्री असेल तर आलेल्या उत्तरास ०.८५ ने गुणावे. नातवाचे उत्तर मिनिटास ९० मिलिलिटर येते. आजींचे येते ३३. नातवास व्हॅलासायक्लोव्हिरची पूर्ण मात्रा चालेल. आजींना, ३० ते ४९ या टप्प्यात असल्याने, तीच १ ग्रॅमची गोळी तीनऐवजी दोनच वेळा, बारा तासांच्या अंतराने द्यावयाची असते. १० ते २९ च्या टप्प्यात दिवसातून एकदाच, आणि त्याहून खाली तर दिवसातून एकदा अर्धा ग्रॅम. कागदावर एकच असलेल्या १.१ मध्ये एवढा फरक दडलेला असतो.

तेव्हा चिठ्ठी हाती पडताना डॉक्टरांना रुग्णाचे वय, वजन आणि शेवटचे क्रिएटिनिन ही तीन माहिती आवर्जून द्यावीत. अहवाल जुना असेल तर नवा काढण्याविषयी विचारावे. डायलिसिसवर असलेल्यांच्या बाबतीत तर मात्राही वेगळी आणि ती घेण्याची वेळही डायलिसिसशी जुळवावी लागते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादीही सोबत असावी. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी, दम्यासाठी थिओफायलिन, गाउटसाठी प्रोबेनेसिड, मूत्रपिंड बदलल्यानंतरचे मायकोफेनोलेट, या सर्वांचा या औषधाशी कमी-अधिक संबंध येतो. पण नित्याच्या घरात सर्वाधिक घात करते ती वेदनाशामक गोळी. नागिणीची ठणक असह्य असते, आणि घरातील डब्यात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी असतेच. या गोळ्या मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह कमी करतात. उतारवय, लघवीची गोळी, डायक्लोफेनॅक, अपुरे पाणी आणि त्यावर व्हॅलासायक्लोव्हिरची पूर्ण मात्रा, असे पाच भार एकाच वेळी त्या दोन लहानशा अवयवांवर येऊन पडतात. एकेक वेगळा पाहिला तर कोणताही गुन्हेगार वाटत नाही. वेदनेसाठी काय घ्यावे ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे.

येथे एक विषय जैन घरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, आणि डॉक्टर तो आपणहून विचारतीलच असे नाही. चौविहार पाळणाऱ्या आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. पाच वेळच्या असायक्लोव्हिरची शेवटची मात्रा साधारण रात्री दहा-अकराला येते; तीन वेळच्या गोळीचीही एक मात्रा रात्रीच पडते. मग घरात काय होते? रात्रीची गोळी गुपचूप सकाळच्या गोळीबरोबर घेतली जाते, किंवा तिन्ही मात्रा दिवसाच्या उजेडात दाटीने बसविल्या जातात, किंवा गोळी नुसतीच, पाण्याविना गिळली जाते. तिन्ही प्रकार घातक आहेत. पहिल्या दोहोंत रक्तातील औषध एकदम चढते आणि मग दीर्घकाळ उतरलेले राहते. तिसऱ्यात नेमके जे हवे तेच, म्हणजे पाणी, मिळत नाही. आपला नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितला तर बहुधा काही मार्ग निघतो. वर सांगितलेल्या आजींच्या बाबतीत तर, बारा तासांच्या अंतराची मात्राच योग्य असल्याने, सकाळी साडेसहा आणि सायंकाळी साडेसहा या वेळा वर्षातील पुष्कळ दिवस नियमात बसूही शकतात. पाच वेळच्या औषधाऐवजी तीन वेळचे औषध लिहून देणे हाही एक पर्याय असतो. परंतु हे बदल डॉक्टरांनी करावयाचे. घरी करावयाचे नाहीत.

उपवासाचेही तसेच. ही औषधे अन्नाबरोबर घ्या वा रिकाम्या पोटी, त्यांच्या शोषणात विशेष फरक पडत नाही. त्यामुळे आयंबिल किंवा एकासणा करणाऱ्यास केवळ गोळीपायी अडचण येत नाही. अडचण पाण्याची असते. अठ्ठाईच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, उकळलेल्या पाण्याचे मोजके पेले घेणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर नागीण उठली, तर त्या अवस्थेत पूर्ण मात्रेचे औषध सुरू करणे धोक्याचे आहे, आणि औषध न घेता पारण्याची वाट पाहणे म्हणजे ७२ तास गमावणे आहे. वर्षीतप करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे की औषधाचा क्रम एक दिवसाआड चालत नाही. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या सूत्रात समाधी टिकविण्यासाठी आगार, म्हणजे सूट, आधीच ठेवलेली आहे. तीव्र व्याधीत औषध घेणे त्या सुटीत येते. साधू-साध्वींना विचारल्यास हेच उत्तर मिळेल. पण आजी आपणहून विचारणार नाहीत. ते काम मुलाने वा सुनेने करावे, आणि तेही पहिल्या दिवशी. पाणी किती प्यावे याचा एकच आकडा सर्वांना लागू नाही. हृदय कमकुवत असलेल्यास किंवा जुना मूत्रपिंडविकार असलेल्यास डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली असते. इतरांनी लघवीचा रंग फिकट राहील इतके प्यावे.

औषध सुरू झाल्यावर पहिले तीन-चार दिवस वृद्ध रुग्णावर घरातील एकाने लक्ष ठेवावे. थोडी मळमळ, डोकेदुखी चालते. लघवी एकाएकी कमी होणे, कंबरेत वेदना, ओकाऱ्या हे चालत नाही. त्याहून फसवे लक्षण म्हणजे भ्रम. काल नीट बोलणाऱ्या आजी आज असंबद्ध बोलू लागतात, भिंतीवर नसलेली माणसे पाहतात, हातापायांना झटके येतात, बोलणे जड होते, सारखी झापड येते. घरचे म्हणतात, वय झाले. कोणी म्हणतो, नागीण डोक्यात चढली. प्रत्यक्षात ते रक्तात साचलेल्या औषधाचे परिणाम असू शकतात. क्वचित विषाणू मेंदूपर्यंत गेल्यानेही असेच होते, आणि घरी बसून त्या दोहोंत फरक करता येत नाही. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. कारण औषध असेल तर ते थांबविल्यावर, गरज पडल्यास डायलिसिसने ते रक्तातून काढल्यावर, रुग्ण सहसा पूर्ववत होतो. नसांच्या वेदनेसाठी दिली जाणारी गाबापेंटिन वा प्रीगाबालिन हीही मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात आणि तीही गुंगी आणतात. दोन्ही एकदम चालू असतील तर लक्ष दुप्पट हवे. जाता जाता एक : असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर बाजारात बहुधा गोळीच्या रूपातच मिळतात, पण वेदनेची ही औषधे पुष्कळदा कॅप्सूलमध्ये येतात. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी आक्षेप असेल तर तो चिठ्ठी लिहितानाच सांगावा. तिसऱ्या दिवशी कळले म्हणून औषध परस्पर बंद करणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

एखादी मात्रा विसरली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. फोड सुकले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या थांबवू नयेत, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या रुग्णासाठी राखूनही ठेवू नयेत. औषध एक असले तरी रोगागणिक मात्रा पार बदलते. जननेंद्रियावरील हर्पिसच्या पहिल्या वेळेस असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात, म्हणजे दिवसाचे १.२ ग्रॅम, नागिणीचे चार ग्रॅम वर आलेच आहेत. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास चालविली तर एकाला औषध पुरत नाही, दुसऱ्याला ते अतिरिक्त होते. कायद्याने हे औषध शेड्यूल एच मध्ये आहे; चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. ओळखीच्या केमिस्टकडून फोनवर मागविण्याची सोय ही सोय नसून जोखीम आहे. त्याच दुकानातून येणारी, स्टेरॉइड मिसळलेली खाजेची मलमे या फोडांवर लावू नयेत, आणि डोळा लाल झाला म्हणून स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नयेत. हर्पिसचा व्रण डोळ्यात असेल तर त्याने दृष्टी जाऊ शकते. कपाळावर, पापणीवर वा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कानाजवळ फोड येऊन चेहरा एका बाजूस वाकडा झाला तर तीच तातडी समजावी.

चिठ्ठीवरील हर्पिस या शब्दाने काही घरांत वेगळाच प्रसंग ओढवतो. नव्या सुनेच्या किंवा लग्नाच्या मुलीच्या अहवालावर हर्पिस झोस्टर लिहिलेले असते, कोणीतरी भ्रमणध्वनीवर नुसता हर्पिस शोधून पाहतो, आणि पुढची कुजबुज नको त्या दिशेने जाते. झोस्टर म्हणजे आपली नागीणच; ती लैंगिक संबंधाने होत नाही. नागिणीच्या फोडांतील पाण्यातून कांजिण्या न झालेल्यास कांजिण्या होऊ शकतात, एवढाच तिचा संसर्ग. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकलेले असावेत, आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवतींनी व तान्ह्या मुलांनी त्या व्यक्तीपासून दूर राहावे. रुग्णास वेगळ्या ताटात वाढण्याचे कारण नाही. आणि प्रत्यक्ष जननेंद्रियाचा हर्पिस असला, तरी तो जगभर फार सर्रास आढळणारा विषाणू आहे. लाजेपोटी लपविलेल्या चिठ्ठ्या आणि चोरून आणलेल्या गोळ्या यांनीच त्यात खरे नुकसान होते. त्या रुग्णाचीही मूत्रपिंडे मोजावीच लागतात.

गोळ्यांचा क्रम संपल्यावरही काहींची, विशेषतः साठी उलटलेल्यांची, वेदना तीन महिन्यांहून अधिक रेंगाळते. कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. अशा वेळी विषाणूरोधक गोळ्या पुन्हा सुरू करून उपयोग नसतो. तो नसांचा विकार असतो आणि त्याची औषधे निराळी. ज्यांना अद्याप नागीण झालेली नाही अशा पन्नाशीपुढील लोकांसाठी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतातही मिळू लागली आहे. तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घेतात. किंमत थोडी नाही. नागीण होऊन गेलेल्यांनाही बरे झाल्यावर ती घेता येते. कधी घ्यावी ते डॉक्टर ठरवतात.